तुपाचा मान

मी स्टीलचा पेला बोलतोय. धुळ्यातल्या मेंदूच्या दवाखान्यात टेबलाच्या कोपऱ्यात असतो ना, तोच. हसू नका. इथे सगळा थाट डोक्याला तारा लावून आलेख काढणाऱ्या मशीनचा. पेशंट तिला चक्क हात जोडतात. नसांना झटके देऊन तपासणाऱ्या मशीनला घाबरतात. गुडघ्यावर ठोकायच्या हातोडीचंसुद्धा कौतुक होतं. मला कोण विचारतो?

आलो होतो पाणी पाजायला. भांड्यांच्या दुकानात नूर महंमदचाचांनी माझ्या काठाखाली डॉक्टर भूमिकाताईंचं नाव टोचलं, जोडीदार पेल्यावरही टोचलं, आणि आम्ही दोघं इथे रुजू झालो. मग एके दिवशी ताईंनी मला काठोकाठ भरलं आणि एका आजीला म्हणाल्या, "हे त्या पेल्यात ओता बरं." तेव्हापासून हीच माझी नोकरी. ज्याचा हात थरथरतो, त्याने मला उचलायचं. पाणी कसं सांडतं, ते ताई बघतात.

शिरपूरकडच्या एका खेड्यातून अभिमननाना आले, तो दिवस मी विसरणार नाही. पांढरी टोपी, खाली मान. सोबत बायको, कमलबाई. त्यांनी बसायच्या आधीच सुरुवात केली.

"डॉक्टरबाई, यासनी दारू सोडाडा. नहीतर मी चालनी माहेरले, चोपड्याले."

"मी दारूले कधी हात नही लावा," नाना हळूच म्हणाले.

"बठ्ठा गाव काय खोटं बोलस?"

झालं होतं असं. भावकीतल्या लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला तूप वाढायचा मान नानांच्या घराण्याचा. बापाकडून मुलाकडे आलेला. यंदा तुपाचं भांडं हातात असं काही हललं, की पाहुण्याच्या कोऱ्या सदऱ्यावर तुपाची धार गेली. पुतण्याने भांडं काढून घेतलं. वर म्हणाला, "नाना, आज जास्तच झाली वाटतं!" पंगत हसली. कमलबाईंना तोंड लपवायला जागा उरली नाही.

ताईंनी मला पुढे केलं. नानांचा हात मांडीवर होता तोवर अगदी शांत होता. मला धरलं मात्र, आणि मी गदगदा हललो! जोडीदारात गेलं थोडं, टेबलावर सांडलं फार. मग ताईंनी कागदावर जिलबी काढायला लावली. तीही दातेरी निघाली.

"कमलबाई, ही दारू नाही. आजार आहे," ताई म्हणाल्या. "रक्त तपासून घेऊ, पण माझी खात्री आहे. असा हात बऱ्याचदा घराण्यातून येतो. नाना, तुमच्या घरात आणखी कुणाचा थरथरायचा?"

नाना माझ्याकडे बघतच राहिले. अहो, मी नुसता पेला, पण मलाही कसंतरी झालं.

"मना आबाना," ते म्हणाले. मग थांबत थांबत सांगितलं. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या हातूनही असंच तूप सांडायचं. लोक म्हणायचे, म्हातारा पितो. आबा शपथा घ्यायचे, कुणी ऐकायचं नाही. एका लग्नात भर पंगतीत त्यांच्या हातातलं भांडं हिसकावलं, ते नानांनीच. "पिऊन आले, बाजूला व्हा," असं मोठ्याने बोललेही. आबा त्यानंतर कुठल्याच पंगतीला बसले नाहीत. गेले तेही तोच शिक्का घेऊन.

कमलबाई पदराने टेबल पुसत राहिल्या.

ताईंनी गोळी सुरू केली. पुढच्या खेपेला पाहतो तर काय, नानांनी मला उचललं आणि पाणी सरळ जोडीदारात! दोन-चार थेंब इकडेतिकडे, बस्स. मला वाटलं, आता हे हसतील. माझा तर आनंद काठावरून सांडायचा बाकी होता.

नानांनी विचारलं, "डॉक्टरबाई, ही गोळी तवय व्हती का? मना आबा व्हता तवय?"

ताईंना खोटं बोलता येत नाही. मला तेव्हा वाटलं, यायला हवं होतं.

"तेव्हाही होती, नाना."

त्यांनी मला अलगद टेबलावर ठेवलं.

"आते तूप तुम्हीच वाढा," कमलबाई म्हणाल्या. "भावकीले मी सांगसू."

"वाढसू," नाना म्हणाले. "पन मना आबा नही शे पंगतमा."

अजून मी तिथेच आहे. काठाला एक पोचा आलाय, नाव पुसट झालंय, पण पाणी धरतो. तुमच्या घरात कुणाच्या हातून काही सांडत असेल, तर नावं ठेवायची घाई करू नका. त्याला घेऊन या, मी कोपऱ्यातच असतो. फक्त तो आहे तोवर आणा.