परतीसाठी ठेवलेला फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट हसत सुरू होते पण हसत संपत नाही. तरी ऐका! कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि या कपाटात माझ्या शेजारी नुसत्या डांबरगोळ्या आहेत. त्यांना काय कळणार?

माझा जन्म कारखान्यातला. तिथे भिंगं घासणाऱ्या बाईंनी मला उजेडासमोर धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "याची नजर साफ आहे हं." बस, तेवढ्यावर मी फुगलो! मग दोन वर्षं दुकानाच्या काचेत धूळ खाल्ली आणि एक दिवस आले आमचे गार्डसाहेब. ते खरे गार्ड नव्हते. धान्याच्या गोदामात कारकून होते, पण रेल्वेचं वेड एवढं की हमालांनीच हे नाव पाडलं होतं. घरात तिघंच. ते, आई आणि धाकटा भाऊ. थोरल्याला गाडीचं वेड, धाकट्याला फुटबॉलचं, आणि दोघांची वेडं एकत्र यायची ती फक्त मॅचगाडीत.

मॅचगाडी म्हणजे मोठ्या सामन्याच्या दिवशी फुटबॉलवाल्यांसाठी सोडलेली खास गाडी. वेळापत्रकात ती सापडायची नाही. सकाळी निघायची, संध्याकाळी परत यायची की संपली. आणि तिला डबे कुठले, माहितीये? भंगारात काढायला ठेवलेले! दिवे फुटलेले, खिडक्या अर्ध्यावर अडकलेल्या, एका बाजूची दारं कुलूपबंद. यार्डातले लोक म्हणायचे, "हे मोडणारच आहेत, मग चांगले कशाला द्यायचे?" माणसं मेंढरांसारखी कोंबायची. पण गार्डसाहेबांना तेच डबे सोन्यासारखे, कारण एरवी ते बघायलाही मिळायचे नाहीत.

आमचा एक नियम होता. फोटोत माणूस नको. गर्दी पांगेपर्यंत आम्ही ताटकळत उभे राहायचो, मला डोळ्याला लावून गार्डसाहेब ओरडायचे, "ओ भाऊ, जरा बाजूला व्हा!" रेल्वेप्रेमींच्या मंडळात आमच्या एका फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा चिटणीस टेबलावर थाप मारून म्हणाले, "एकही माणूस नाही! याला म्हणतात फोटो!" त्या दिवशी गार्डसाहेबांनी मला मऊ फडक्यानं तीनदा पुसलं. खरं सांगतो, मलाही वाटलं, आपल्यासारखे आपणच.

धाकटा मात्र दर वेळी मागे लागायचा. "दादा, माझा एक काढ ना."

"रिळात छत्तीसच असतात रे. तू काय, घरी रोज दिसतोस. हा डबा परत दिसणार नाही."

"आई, ऐकलंस? याच्या लग्नात हा नवरीला म्हणेल, बाजूला हो, मागून मालगाडी येतेय!"

आई हसायची. गार्डसाहेबही हसायचे. मीही हसलो असतो, पण मला फक्त टिचकन् वाजता येतं.

मग तो दिवस आला. शेवटचा, सगळ्यात मोठा सामना. निघता निघता आईनं धाकट्याला दारात अडवलं, कारण स्वेटरचं कोपर फाटलेलं. जवळ त्या रंगाची लोकर नव्हती म्हणून तिनं गडद लोकरीनंच रफू केलं, अंगावरच, आणि तो "आई, गाडी चुकेल!" म्हणत एका पायावर नाचत होता.

वाटेत एक मोठं वळण लागलं. मागच्या डब्यातून इंजिन दिसायला लागलं, गार्डसाहेबांनी मला खिडकीबाहेर धरलं, बटण दाबलं, आणि नेमकं पुढच्या खिडकीतून धाकट्यानं कोपर बाहेर काढलं.

"हात आत घे, गाढवा! नासला ना फोटो!"

"नासू दे!" पलीकडून आवाज आला आणि अख्खा डबा हसला.

उतरताना तो माझ्या पाठीवरचा आकडा वाकून बघून म्हणाला, "सहा उरलेत. त्यातला एक माझा. जिंकलो तर मफलर डोक्याला बांधून उभा राहतो. नाही म्हणायचं नाही, दादा!"

"बरं बाबा, परतीला."

"शब्द?"

"शब्द."

तो लाल मफलर फिरवत गर्दीत गेला. गार्डसाहेब कधीच मैदानात जात नसत. ते रिकाम्या गाडीपाशी थांबायचे. गाडी तीन नंबरच्या फलाटावर होती. पण सामना संपायच्या सुमारास तिला अचानक पाच नंबरवर आणलं. आम्ही लगबगीनं पूल ओलांडून तिकडे गेलो, आणि गार्डसाहेब हरखलेच! ऊन सरळ डब्यांवर पडलेलं आणि फलाट रिकामा. एकही माणूस नाही. इतक्या वर्षांत असं कधी मिळालं नव्हतं. आम्ही पाच फोटो काढले, एकाहून एक.

तेवढ्यात पुलाच्या बाजूनं मोठा गलका ऐकू आला.

"जिंकलो वाटतं," गार्डसाहेब पुटपुटले.

मित्रांनो, तो जिंकल्याचा आवाज नव्हता. लोक तीन नंबरकडे जिना उतरत होते, तेव्हा भोंग्यावरून सांगितलं, गाडी पाच नंबरवर. पुढचे मागे फिरले. मागच्यांना काहीच माहीत नव्हतं, ते खाली ढकलत राहिले. आणि पाच नंबरचं फाटक आमच्यामागून बंद केलं होतं, गर्दी नको म्हणून. आमचा फलाट रिकामा होता तो त्यामुळे.

आम्ही मात्र वाट बघत होतो. एक फोटो राखून, शब्द पाळून. मग फाटक उघडलं आणि माणसं आली, एकेक, सावकाश. कुणी गात नव्हतं. एकाच्या एकाच पायात बूट होता. एक पोलीस सामानाच्या गाड्यावर बसला आणि त्यानं टोपी काढून तोंडावर धरली. गार्डसाहेब प्रत्येकाच्या डोक्याकडे बघत होते. मफलर बांधलेलं डोकं शोधत होते. ते आलंच नाही.

मी चार महिने पिशवीतच होतो. मग आई म्हणाली, "भिंतीवर लावायला त्याचा एक फोटो दे रे. शाळेतला नको. मोठा झालेला दे. तू तर एवढे काढलेस."

गार्डसाहेबांनी मला बाहेर काढलं. एक फोटो शिल्लक होता. बटणावर बोट ठेवलं, उचललं, आणि रीळ तसंच गुंडाळून धुवायला दिलं. मग अकरा वर्षांचे सगळे खोके जमिनीवर उपडे केले. इंजिनं, चाकं, डबे, रूळ. शेकडो फोटो! आई चष्मा लावून एकेक बघत होती. त्या पाच सुंदर फोटोंपाशी थांबून तिनं विचारलं, "हे कुठलं? कुणीच कसं नाही इथे?"

गार्डसाहेबांनी ते पाचही फोटो पालथे ठेवले.

शेवटी तिनं एक नासलेला फोटो उचलला. वळणावरची गाडी, आणि खिडकीतून बाहेर आलेलं एक कोपर. मला रंग धरता येत नाहीत, पण रफू मी नीट धरलं होतं. आईनं त्यावर अंगठा ठेवला. "हा बघ. हा माझा."

मग तिनं रिळाची पट्टी उजेडासमोर धरली. टोकाला एक चौकोन कोरा होता.

"आणि हा रे?"

"तो त्याचा, आई. परतीसाठी ठेवला होता."

आता मी कपाटात असतो. भिंगाला बुरशी धरलीय, बटण अडकतं, गार्डसाहेब पुन्हा मॅचगाडीला गेले नाहीत. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला ओलीपासून जपा, फडक्यानं पुसा, हे तर कराच. पण घरातलं कुणी "माझा एक काढ ना" म्हणालं, तर गर्दी हटायची वाट बघू नका. माझी नजर साफ होती. तो समोर उभा असायचा, हसायचा, आणि मला दिसायचाही. फक्त कुणी बटण दाबलं नाही.