घड्याळजींची होडी आणि माझा हँडब्रेक

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. 'जुना' हा शब्द मी स्वतःहून वापरतोय म्हणून चालतो. दुसऱ्या कुणी वापरला की माझं डोकं फिरतं. पुढे दोन-तीन माणसं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्याखाली ट्रेलर जोडायचा दणकट लोखंडी हूक, एवढाच माझा थाट. रंग एके काळी निळा होता. अजूनही कुठे कुठे आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही दीडशे भावंडं जन्मलो, त्यामुळे कुणी कुणाचं कौतुक केलं नाही. ते पुढे एका फरशीवाल्याने केलं. त्याच्याकडे मी चौदा वर्षं फरश्या वाहिल्या. हौदा भरला की माझं बूड जमिनीला टेकायला यायचं आणि नाक वर व्हायचं, पण चढावर मी कधी कुरकुरलो नाही. "अरे, गाडी कसली, हत्ती आहे हत्ती!" असं मालक ज्याला त्याला सांगायचा. आणि खोटं कशाला बोलू, मी फुगलो. एवढा फुगलो, की माझा हँडब्रेक कामातून गेलाय हे मलाही सोयीस्करपणे दिसेनासं झालं. मालक मला उतारावर उभं करताना चाकामागे फुटकी फरशी सरकवायचा. त्याने कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

मालक थकला, धंदा बंद झाला आणि मी जुन्या गाड्यांच्या बाजारात आलो. तिथला शेठ पहिला आठवडाभर मला रोज पुसायचा. मग एक दिवसाआड, मग कधीतरी. दोन वर्षांत मी सरकत सरकत पार कुंपणाशी गेलो. टायरांभोवती गवत वाढलं. एक मांजर हौद्यात व्याली आणि पिल्लांना घेऊन निघून गेली. तिलाही जागा पसंत पडली नसावी.

एका सोमवारी शेठ फोनवर बोलताना ऐकलं. "शनिवारी या. कोपऱ्यातला निळाही उचला. कोण घेणार आता त्याला?"

पलीकडे भंगारवाला होता. मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. शनिवारपर्यंत कुणी नेलं नाही तर माझे पत्रे होणार होते. मंगळवार गेला, बुधवार गेला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्याकडे बघून पुढे जायचं.

गुरुवारी सकाळी तिघं आली. पुढे एक सडपातळ गृहस्थ, हातात वही. ते घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. मागे त्यांची बायको. तिची लाँड्री होती आणि कपड्यांच्या गाठोड्यांची गाडी ती रोज स्वतः चालवायची. आणि सगळ्यांत मागे, पण आवाजाने सगळ्यांत पुढे, घड्याळजींच्या सासूबाई.

"आम्हाला होडी ओढायला गाडी हवी," घड्याळजी म्हणाले. "वजन काढलंय. सहाशे बारा किलो, चारशे ग्रॅम."

"चारशे ग्रॅमसुद्धा?" शेठने विचारलं.

"वल्ही, दोर, बादली, चहाची किटली, सगळं दुकानातल्या काट्यावर मोजलंय. किटली झाकणासकट."

असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या आशा पल्लवित झाल्या, कारण एवढं मोजणारा माणूस माझीही किंमत ओळखेल असं मला वाटलं. कसलं काय! शेठने त्यांना आधी एका उंच पांढऱ्या ट्रककडे नेलं. सासूबाईंनी आत चढायचा तीनदा प्रयत्न केला आणि खाली उतरून म्हणाल्या, "मला बसायला शिडी लागत असेल, तर ही गाडी तुम्ही माझ्यासाठी घेत नाही आहात, एवढं कळलं."

पांढरा तिथेच बाद झाला.

मग आला लाल. छोटा, चकचकीत, कालपरवाच कुणीतरी विकलेला. घड्याळजींनी वही उघडली. "हा साडेसातशे किलो ओढतो. आपल्याला सहाशे बारा पॉइंट चार. झालं की!"

त्यांनी किटलीचं झाकण मोजलं होतं, पण होडी ज्याच्यावर बसणार होती तो ट्रेलर मोजायचा राहिला होता! दोन चाकं, लोखंडी सांगाडा, चांगला अडीचशे किलोचा ऐवज. वहीत त्याचं नावही नव्हतं. मला तर कळवळून ओरडावंसं वाटत होतं, पण माझा हॉर्न दीड वर्षापूर्वीच बसला होता.

घड्याळजींची बायको मात्र माझ्या हौद्याला टेकून माझ्याकडे बघत होती. "हा निळाही बरोबर घ्या," ती म्हणाली. "होडी तळ्यात सोडून बघू. जो सोडेल, तो घेऊ."

"त्याला कशाला?" शेठ हसला. "तो शनिवारी जाणार आहे."

"आज गुरुवार आहे ना?"

माझी बॅटरी उतरली होती. शेठने लालची बॅटरी जोडून मला सुरू केलं. मी असा काही खोकलो, की कुंपणावरचे कावळे उडाले. पण सुरू झालो!

होडी तळ्याकाठच्या एका शेडमध्ये होती. तिथून पाण्यापर्यंत सिमेंटचा उतार, त्यावर हिरवंगार शेवाळ. लालला ट्रेलर जोडला. घड्याळजी चालवायला, शेठ शेजारी तारीफ करायला. सपाट रस्त्यावर लाल ऐटीत निघाला. वर उभा राहून मी जळफळत होतो. मला चालवत आणणाऱ्या बाईने, म्हणजे घड्याळजींच्या बायकोने, उताराच्या बरंच अलीकडे उभं केलं होतं.

मग लाल मागे मागे उतरू लागला. चाकं शेवाळावर आली आणि घड्याळजींनी ब्रेक दाबला. चाकं थांबली. लाल थांबला नाही. ट्रेलर आणि होडी त्याला मागे खेचत होती आणि तो बिचारा चारही चाकं रोवून, घसरगुंडीवर बसल्यासारखा सावकाश पाण्यात चालला होता.

"थांबवा!" शेठ किंचाळला.

"थांबवलंय!" घड्याळजी म्हणाले.

पाणी दारांच्या मध्यापर्यंत आलं तेव्हा लाल थांबला. होडी मात्र ट्रेलरवरून अलगद उठून मजेत तरंगत होती. दोघं खिडकीतून बाहेर पडले. घड्याळजींनी वही डोक्यावर धरली होती.

"जावईबापू," काठावरून सासूबाईंनी विचारलं, "खालचा गाडा मोजला होता का हो?"

घड्याळजींनी ट्रेलरकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

आता पाळी माझी होती. होडी सोडवून खुंट्याला बांधली. मला उलटा आणून उताराच्या तोंडाशी लावलं आणि माझ्या हुकापासून लालच्या नाकापर्यंत जाड दोर ताणला. बाई माझ्या केबिनमध्ये बसली. मित्रांनो, माझ्या पुऱ्या आयुष्याचा निकाल त्या दोरावर होता. मी सगळा जीव एकवटून जोर लावला आणि माझी मागची चाकं जागच्या जागी गरगरली.

चौदा वर्षं मी भरल्या हौद्याने चढलो होतो. रिकाम्या हौद्याने चाकं धरत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं! मी जिला माझी ताकद समजत होतो, तिच्यात अर्धा वाटा फरशीचा होता.

"वजन हवंय मागे!" बाई ओरडली.

सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "चला, चढा हौद्यात! शेठ, तुम्ही आधी. लाजताय काय? आज तुमच्या पोटाचं चीज होतंय."

भिजलेला शेठ चढला, भिजलेले घड्याळजी चढले आणि दोघांनी ओढून घेतल्यावर सासूबाईही चढल्या. बूड खाली बसलं. चाकांनी सिमेंट धरलं. मी गुरगुरलो, धूर सोडला आणि लाल, त्याचा ट्रेलर, पोटात शिरलेलं पाणी, सगळं घेऊन इंच इंच वर आलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौदा वर्षांत मी एवढा सुखावलो नव्हतो.

दोर सोडला. होडीपाशी जायला बाईने मला लालच्या बाजूने पुन्हा उतारावर मागे घेतलं, हँडब्रेक ओढला आणि ती खाली उतरली.

आणि मी मागे निघालो.

"अगं, हा चाललाय!" हौद्यातून सासूबाई ओरडल्या. बाई धावली, केबिनमध्ये अर्धी शिरली आणि हाताने पायाचा ब्रेक दाबून धरला. पाण्यापासून मी दोन हातांवर होतो. घड्याळजींनी उडी मारून चाकामागे दगड लावला.

शेठ आभाळाकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं जिंकून मी स्वतःच स्वतःला भंगारात घातलं होतं, आणि त्यातही एका आजीला बुडवणार होतो.

"शेठ, हे तुम्हाला माहीत होतं?" बाईने विचारलं.

"थोडंसं... म्हणजे ढिला आहे जरा."

ती माझ्या चाकांपाशी वाकली, खालून बघितलं, हात काळे केले. मग पदराला पुसत उभी राहिली. "हाच घेऊ."

"हा?" घड्याळजी दचकले. "अगं, थांबत नाही तो!"

"म्हणूनच. याचं दुखणं आज कळलं. ब्रेक बदलू, मग होडी जोडू. बाकीच्यांची दुखणी पाण्यात गेल्यावर कळण्यापेक्षा हे बरं."

सासूबाई अजून हौद्यातच बसल्या होत्या. "मला उतरवा आधी," त्या म्हणाल्या, "आणि मग काय ते घ्या."

मी सुटलो. नवा हँडब्रेक लागला तेव्हा घड्याळजींनी तो आवाजावरून ठाकठीक केला आणि तीन वेळा उतारावर उभं करून पाहिलं. आता मी होडी तळ्यावर नेतो, परत आणतो. उतारावर गेलो की चालवणारी बाई हौद्यात वाळूची पोती भरून घेते आणि मी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारखी गाडी घ्यायला जाल. तेव्हा आम्ही किती ओढतो हे तुम्ही विचारालच. थांबता येतं का, हेही विचारा. आणि घरी नेल्यावर आमच्याकडून काम घेताना मधूनमधून वाकून खालीही बघत जा. आम्ही सांगत नाही. मी तर चौदा वर्षं सांगितलं नाही, आणि त्यापायी चार माणसं बुडता बुडता वाचली.