हवा धरू नये म्हणून

वडिलांनी मांडीवरच्या मसाजरचं बटण पुन्हा दाबलं आणि उजवा तळवा त्याच्यावर ठेवला. यंत्र साबणाच्या वडीएवढं, पण गुणगुण भुंग्याची. समोरच्या बाकावर नुकत्याच येऊन बसलेल्या बाईंनी पिशवी पायाशी सरकवली आणि कुतूहलानं तिकडे पाहिलं.

"कंबर धरलीय का, काका?"

"कंबर ठणठणीत आहे. हे आमचं दुकान आहे," वडील म्हणाले. "खोटं वाटत असेल तर मुलीला विचारा."

मुलगी खिडकीशी बसली होती. बापलेकीचा धंदा प्लास्टरची नक्षी ओतण्याचा, हे तिनं हसत सांगितलं. ओतताना आतली हवा वर निघाली नाही, तर सुकलेल्या नक्षीवर देवीच्या व्रणांसारखी भोकं उमटतात. त्याला त्यांच्यात 'हवा धरली' म्हणतात. घरी त्यासाठी कंप देणारं जड टेबल होतं, पण ते काही आगगाडीत चढवता येत नाही. म्हणून परगावच्या कामाला हा मसाजर. साच्याच्या फळीखाली ठेवला, की बुडबुडे गपगुमान वर येतात.

"आणि जाता जाता काकांची चैन!" बाई म्हणाल्या. "यंत्र दमदार आहे हो. सगळा हात थरथरतोय तुमचा."

"दमदार तर आहेच," वडील समाधानानं म्हणाले.

मुलीनं नजर बाहेरच्या शेतांकडे वळवली.

काम मोठं होतं. एका जुन्या नाट्यगृहाच्या छतावरची प्लास्टरची फुलं ओलीनं गळून पडली होती आणि तिथल्या व्यवस्थापकांना ती हुबेहूब परत हवी होती. फोनवर त्यांनी आडपडदा ठेवला नव्हता. आधी एक फूल माझ्यासमोर ओतून दाखवा. हवा धरलेली दिसली, तर काम एका मोठ्या कंपनीला जाईल. आणि वडील येणार असतील तरच या, कारण नाव त्यांचं आहे.

नाव वडिलांचं होतं, यात वादच नव्हता. हात मात्र अलीकडे त्यांचं ऐकेनासा झाला होता. डॉक्टरांनी त्या थरथरीला एक लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि थरथर होती तिथंच राहिली. सकाळी त्यांच्या कोटाची बटणं लावून देताना मुलगी म्हणाली होती, "तिथं तुम्ही फक्त बघायचं, बाबा. हात खिशात असू द्या." वडिलांनी मान डोलावली होती. स्वतःच्या हाताबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

नाट्यगृहाच्या रंगमंचावर त्यांना एक भक्कम टेबल काढून दिलं होतं. वर छताचा तो भाग उघडाबोडका दिसत होता. मधेच एखादं शाबूत फूल. व्यवस्थापकांनी नमुन्याला पाठवलेल्या तसल्याच एका फुलावरून घरी केलेला रबरी साचा तिनं फळीवर मांडला आणि फळीखाली मसाजर सारला. व्यवस्थापक चष्मा कपाळावर चढवून अगदी टेबलाला खेटून उभे राहिले.

"काका, तुम्ही नाही हात घालणार?"

"आता ती घालते. मी नुसत्या चुका काढायला येतो." वडिलांचा उजवा हात खिशात होता.

"मग तुमच्या नावाचा मला काय उपयोग?"

"साचा सुटला की कळेल," मुलगी म्हणाली आणि तिनं बाह्या वर सारल्या.

तिनं बादलीतल्या पाण्यावर प्लास्टर भुरभुरलं, ते आपसूक भिजू दिलं, मग हलक्या हातानं ढवळलं. साच्याच्या एका कडेनं बारीक धार सोडली. मसाजर गुणगुणू लागला. पाकळ्यांच्या टोकांतून बुडबुडे निघाले, वर आले, फुटले. व्यवस्थापकांची मान आपोआप पुढे झुकली.

आणि गुणगुण बारीक होत होत थांबली.

तिनं एका हातानं बटण दाबलं. लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. कालच तर तिनं तो पुरता चार्ज केला होता. फळीला तिनं हातानं दोन ठोके दिले, तर प्लास्टर उसळून साच्याबाहेर सांडलं. पाकळ्यांच्या खोल टोकांत अजून हवा होती, आणि बादलीतलं प्लास्टर सायीसारखं दाटू लागलं होतं.

तेव्हा तिला आगगाडीतली ती गुणगुण आठवली. स्टेशन आलं, समोर कुणी येऊन बसलं, की वडिलांचं बोट बटणावर जाई. समोरची जागा रिकामी असताना मसाजर एकदाही वाजला नव्हता.

तिनं मान वर केली. वडील तिच्याकडे पाहत नव्हते. ते साच्याकडे पाहत होते.

"बाबा," ती म्हणाली, "हात द्या."

वडिलांनी क्षणभर व्यवस्थापकांकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून ते बसले, कोपर टेबलावर रोवलं आणि खिशातून हात काढला. तिनं मसाजर ओढून बाजूला केला, फळीची कड उचलून त्यांच्या तळव्यावर टेकवली. हात थरथरत होता तसाच थरथरत राहिला. फळी थरथरली, साचा थरथरला. डाव्या हाताच्या बोटानं ते कडेला हलकेच टिचक्या मारत राहिले.

एक बुडबुडा वर आला. मग शेजारी दुसरा.

"धार सोड," वडील म्हणाले. "एवढी जाड नको. घाई कसली आहे? मी कुठं जात नाही."

तिनं धार बारीक केली. व्यवस्थापक साच्यावर आणखी वाकले.

प्लास्टर घट्ट होऊन साचा सुटला तेव्हा व्यवस्थापकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि फुलाच्या पाकळी न् पाकळीवरून बोट फिरवलं. मग फूल उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"कुठंच हवा धरलेली नाही," ते म्हणाले. "काका, ही जुनी पद्धत का?"

"आमच्या घरची आहे," वडिलांच्या आधी मुलगीच बोलली. "काम सुरू झालं की बाबा रोज बरोबर असतील. त्यांच्यासाठी बरी खुर्ची बघून ठेवा. आणि हे टेबल कुणाला देऊ नका, याची उंची त्यांच्या कोपराला बरोबर आहे."

"हुकूमच सोडते ही," वडील व्यवस्थापकांना म्हणाले. "घरीही असंच चालतं."

परतीच्या गाडीत बसण्याआधी तिनं स्टेशनवर मसाजर चार्ज करून घेतला होता. गाडी हलली तसा तिनं तो पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरला. वडिलांनी तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि रुमालात गुंडाळून परत पिशवीत ठेवला.

पुढच्या स्टेशनावर एक गृहस्थ चढले आणि समोर बसले. वर्तमानपत्र उघडता उघडता त्यांची नजर वडिलांच्या गुडघ्यावरच्या हाताकडे गेली.

"खिडकी लावू का? थंडी वाजतेय वाटतं तुम्हाला."

"छे हो, राहू दे उघडी," वडील म्हणाले. "धंद्याचा हात आहे तो."