तळमजल्याचा गुन्हा

संडासातलं पाणी उंबरा ओलांडून मोरीपर्यंत आलं होतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा नाकाला रुमाल लावून, हातात कागद घेऊन आवडाबाईच्या दारात उभे होते. सही करा, म्हणत होते. तळमजल्यावरच्या रहिवासी आवडाबाई यापुढे घरात मासळी साफ करणार नाहीत, कारण खवल्यांनी इमारतीची लाइन वारंवार तुंबते, असं त्यावर टाइप केलेलं होतं.

खोपटच्या एसटी डेपोमागच्या त्या चार मजली इमारतीत सहा महिन्यांत ही चौथी वेळ. लाइन सगळ्यांची एकच, पण तुंबली की पाणी उफाळायचं ते सगळ्यात खाली, आवडाबाईकडे. म्हणजे घाण चार मजल्यांची, उपसायची एकटीनं, आणि वर बोलणीही तिनंच खायची. आवडाबाई कोळीण. नवऱ्याच्या घराण्याची जागा बिल्डरनं घेतली, बदल्यात तळमजल्याच्या या दोन खोल्या दिल्या. नवरा गेल्यावर ती बाजारात मासळी विकून राहत होती. बाकीच्यांना एवढा पुरावा पुरेसा होता. लाइनीत नक्की काय अडकतं हे एकानंही वाकून पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला, मासळीवाली घरात आहे ना! ती बाजारातच मासे साफ करून आणते, खवल्याचा कणही घरी येत नाही, हे तिला विचारण्याची तसदीसुद्धा कोणी घेतली नव्हती.

मागच्या तीन वेळा तिनं मुकाट्यानं फरशी धुतली होती. आज तो कागद पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही केली की गुन्हा कबूल, आणि मरेपर्यंत ती इमारत नासवणारी बाई.

तिनं कागद हातात घेतलाच नाही. "अण्णा, श्रावण लागून बारा दिस जालं," ती म्हणाली. "आमचे घरान म्हावऱ्याचा वासपन नाय. मंग आज कशान तुंबला?"

जुने खवले साचले असतील, असं अण्णांनी ठोकून दिलं. मग ते सगळ्यांसमोर काढून दाखवा, तेव्हाच सही, असं सांगून ती चेंबरपाशी जाऊन उभी राहिली. सफाईला येणारा नाथा दर वेळी बांबूच्या पट्टीनं घाण पुढे ढकलून लाइन मोकळी करायचा. आज तिनं त्याला ती घाण मागे ओढून बाहेर काढायला लावली. गॅलऱ्या भरल्या.

निघाले ते नारळाच्या काथ्याचे बोळे. काळे, एकमेकांत गुंतलेले, दहा-बारा तरी असतील. खवला एक नाही.

"हे संडास घासायचे बोळे, अण्णा," नाथा म्हणाला.

पहिल्या मजल्यावर अण्णांच्या बायकोनं सुनेकडे, शालनकडे, डोळे वटारले. पण शालन खालीच बघत होती. "आई, तुम्हीच सांगितलेलं ना," ती हळू आवाजात म्हणाली. "संडासाचा बोळा देवासमोरून न्यायचा नाही, आतच सोडायचा."

कचऱ्याचा डबा दाराबाहेर, आणि तिथवरच्या वाटेत देव. प्रत्येक घराची रचना तीच, त्यामुळे आणखी दोन-तीन गॅलऱ्यांतली माणसं घाईनं आत गेली. सोवळं यांचं, आणि विटाळ तिच्या घरात!

रविवारी गच्चीवर सभा झाली. सर्व सभासदांनी यापुढे काळजी घ्यावी, असा ठराव अण्णांनी वाचला. भराभर हात वर झाले. विषय संपला म्हणून ते वही मिटणार, तोच आवडाबाई उठली.

"माजं नाव कागदावर टाइप केलंत. आता नुसतं 'सर्व सभासद'?" तिनं विचारलं. "माजी चूक नव्हती असं ज्यांना वाटते, त्यांनी पन हात वर करा."

कोणी चपलेचा पट्टा नीट करू लागलं, कोणी पाण्याच्या टाकीकडे पाहत बसलं. इतकी शिकलेली माणसं, पण एकाचाही हात वर होईना. अण्णांनी पुढचा विषय पुकारला.

तेव्हा मागे, जिन्याच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांतून एक हात वर आला. संडास घासायच्या ॲसिडनं बोटांची सालं निघालेली होती. शालनचा हात.

"तू सभासद नाहीस. खाली घे," अण्णा म्हणाले.

तिनं तो तसाच धरून ठेवला, आवडाबाई खाली बसेपर्यंत.