रतनजोतीचं तेल

रंजिताचा साबणाचा पहिला मोठा घाणा फसला तो रंगामुळे. तेलं नीट मोजली होती, कॉस्टिक सोड्याचं पाणी निवलं होतं, हँड ब्लेंडर फिरवल्यावर मिश्रण खिरीसारखं दाट येऊ लागलं होतं. मग तिने त्यात चमचाभर गुलाबी पावडर टाकली आणि पावडरीच्या गुठळ्या झाल्या. त्या फोडेपर्यंत साबण इतका आळला की साच्यात ओतता येईना, हाताने थापावा लागला. वड्या कापल्यावर पांढऱ्या साबणात गुलाबी ठिपके दिसले, गोवर आल्यासारखे. तिच्या सासूने, शकूबाईने, एक वडी उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"कपरं धुवाला चालंल," ती म्हणाली.

त्यानंतर रंजिता रंग आधी करून ठेवू लागली. साबण करायचा नसेल त्या दिवशी ती ओवे गावातल्या घराच्या मागच्या ओटीवर बसायची. एकेक पावडर थोड्याशा तेलात घालून बारक्या खलात घोटायची, गाठ राहिली नाही ना हे पांढऱ्या बशीवर थेंब पसरून बघायची आणि मग बाटलीत भरायची. बाटलीत रंग तळाला बसतो, म्हणून वापरताना ती जोरात हलवायची. मुलतानी माती, गेरू आणि कोळशाची पूड तिने आधी पाण्यात कालवून ठेवली होती. आठवड्याभरात मातीच्या बाटलीत बुरशी आली, तेव्हापासून सगळंच तेलात.

सगळ्यांत वेळ लागायचा तो रतनजोतीला. पनवेलच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात ही मुळं मिळतात, सुकलेली, सालीसारखी, हाताला लागली की जांभळी बोटं. ती तांदळाच्या कोंड्याच्या तेलात बुडवून अंधाऱ्या कपाटात महिनाभर ठेवायची. तेल हळूहळू लाल होत जातं, कोकमाच्या आगळासारखं. हेच लाल तेल साबणात पडलं की कॉस्टिकमुळे जांभळं होतं. रंजिताला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने नवऱ्याला, निकेशला, हाक मारून बोलावलं होतं. निकेशचा रेती-खडी पुरवायचा धंदा, तो फोनवर बोलत बोलत आला, पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, "वांग्याचा रंग हाय."

तेवढ्यावर ती खूश झाली होती.

यंदा रोडपालीच्या सुनीताताईंनी तिच्याकडे साबण सांगितले. त्यांच्या मुलीचा, अनुयाचा, साखरपुडा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात जांभळी वडी द्यायची होती, वर पांढरी लाट असलेली. साबण वाळून वापरायजोगा व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, त्यामुळे चालू आठवड्यात तो साच्यात पडायलाच हवा होता. रंजिताला त्याची काळजी नव्हती. रतनजोतीचं तेल मुरून तयार होतं. तिने ते मलमलच्या फडक्यातून गाळलं आणि मोठ्या बाटलीत भरलं. खोलीतल्या कपाटाला नवीन पॉलिशचा वास येत होता, म्हणून बाटली स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर ठेवली आणि साचे आणायला पनवेलला गेली.

ती गेली आणि उरणहून बळीराममामा आला. बळीराम हा शकूबाईचा धाकटा भाऊ. तो कधी कळवून येत नाही आणि कधी रिकाम्या हातानेही येत नाही. या वेळी पिशवीत कोलंबी होती, मोठी, टवटवीत. शकूबाईने कोलंबी सोलली, वाटण वाटलं, कढई चढवली आणि तेलाचा डबा उचलला तर तो रिकामा. तिने फळीवर पाहिलं. बाटली होती. झाकण काढून वास घेतला, वास तेलाचाच. रंग लाल. सुनेने मिरचीचं तेल काढून ठेवलंय असं तिला वाटलं.

रंजिता परतली तेव्हा घरभर लसणाचा वास होता. निकेश आणि मामा जेवायला बसले होते.

"ये गो, बस," मामा म्हणाला. "आज शकूचे हाताला रंग चरलाय. असा कालवन मी लग्नात पन नाय खाल्ला."

कालवणावर लालभडक तवंग होता. तळलेली कोलंबी तर माणकासारखी. रंजिताने ताटाकडे पाहिलं, मग ओट्याकडे. ओट्यावर तिची बाटली उभी होती, रिकामी, तळाशी लाल ओघळ.

"आई, यातला तेल घेतलाव?"

"डबा संपलेला," शकूबाई म्हणाली. "का गो?"

रंजिताला पहिली भीती वाटली ती पोटांची. पण मुळं तिने स्वतः आणली होती. दुकानदार ती मटणाच्या रश्शाला रंग यावा म्हणूनही विकायचा आणि बाटलीत त्या मुळांशिवाय दुसरं काही गेलं नव्हतं. भीती उतरली आणि मग राग आला. महिनाभराचं तेल दुपारच्या जेवणात संपलं होतं.

"तो साबनाचा रंग व्हता," ती म्हणाली.

निकेशचा घास हातातच राहिला. मामाने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे.

"खाल्ल्यावर फेस येल का?" त्याने विचारलं.

"काय होनार नाय मामा. मसाल्याचाच हाय तो. जेवा."

मामा जेवू लागला. शकूबाईने रंजितासाठी ताट वाढलं, भाकरी दिली आणि स्वतः मागल्या दारी जाऊन भांडी घासत बसली. रंजिता जेवली. कालवण खरंच सुरेख झालं होतं, आणि त्यामुळे तिला आणखीच वाईट वाटलं.

दुपारी तिने सुनीताताईंना फोन लावायचा म्हणून हातात घेतला आणि परत ठेवला. काय सांगणार? साबण आमच्या पोटात गेला? मायकाची, म्हणजे अभ्रकाची, तयार जांभळी पावडर मिळाली असती, पण सुनीताताईंना झाडपाल्याचाच रंग हवा होता आणि तिने तसा शब्द दिला होता. बाटलीवर चिठ्ठी लावायची राहिली होती, हेही तिला आठवलं. आपल्या कपाटातल्या प्रत्येक बाटलीवर ती नाव लिहायची. नेमकी ही एक, जी दुसऱ्याच्या राज्यात नेऊन ठेवली, तीच कोरी.

मामा संध्याकाळी गेला. सकाळी रंजिता उठून मागे आली तर शकूबाईने अंगणातली चूल पेटवली होती. चुलीवर रुंद पातेलं, त्यात पाणी.

"तुजी ती रंगाची मुलं उरलीन का?" तिने विचारलं.

"हायेत थोरी. पन महिना लागतो, आई."

"महिना कशाला लागतो?"

"तेलान रंग उतराला. गरम केल्यावर लवकर उतरतो, शिकवनाऱ्या बाईंनी सांगितलेला. पन जास्त तापला तर रंग करपतो. मी एकदा गॅसवर केला तं काला झाला."

"गॅस बारीक केला तरी मोठाच," शकूबाई म्हणाली. "निखाऱ्यावर ठेव. मी बसतंय."

रंजिताने मुळं कुटली, काचेच्या बरणीत घातली, वर तेल ओतलं. पातेल्याच्या तळाशी फडकं घालून बरणी त्यावर ठेवली. शकूबाईने लाकडं बाहेर ओढली आणि नुसते निखारे राखले. पाणी उकळू द्यायचं नाही, एवढंच रंजिताने सांगितलं. शकूबाई पाटावर बसली. पाण्यात बुडबुडा आला की ती एक निखारा मागे सारायची, पाणी निवतंय असं वाटलं की पुढे. मध्येच रंजिता चमच्याने थेंब काढून बशीवर टाकायची. सुरुवातीचा थेंब फिका गुलाबी. पुढचा जरा गडद. दोघी बशीवर वाकून बघायच्या.

"मी वास घेतलेला," शकूबाई अचानक म्हणाली. "तेलाचाच आला."

"तेलच व्हता ना, आई. मी चिठ्ठी लावली नाय."

"लावली असती तं मना चष्म्याशिवाय कुठं दिसनार व्हती." तिने एक निखारा मागे सारला. "पन विचाराला पायजे व्हता."

रंजिताने बशी पुसली आणि नवा थेंब टाकला. राग कधी गेला ते तिला कळलं नव्हतं. बहुधा गुलाबी आणि लालच्या मध्ये कुठेतरी.

ऊन पार ओसरीवर आलं तेव्हा तेल हवं तसं झालं. लगेच मोठा घाणा लावायला रंजिता धजली नाही. तिने आधी चहाच्या कपाएवढा साबण करून पाहिला. त्यात तेल घातलं तर रंग आला राखाडी. शकूबाईचा चेहरा उतरला. रंजिताने दुसऱ्या कपात तेल दुप्पट घातलं. मिश्रण आधी करडं दिसलं, मग निळसर, आणि ढवळता ढवळता जांभळं होत गेलं.

"आता आला," शकूबाई म्हणाली, आणि कप हातात घेऊन उजेडात फिरवून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी साबण पडला. रंजिताने कॉस्टिकसाठी हातमोजे आणि चष्मा घातला, सासूला दाराशी उभं केलं आणि मी सांगेन तेव्हाच आत या म्हणाली. रतनजोतीचं तेल मोजून ठेवलेलं होतं. पांढऱ्या लाटेसाठीची पावडर तेलात घोटून बाटलीत तयार होती. मिश्रण दाट येऊ लागल्यावर तिने शकूबाईला आत बोलावलं आणि बाटली हलवायला दिली. शकूबाईने ती इतक्या जोरात हलवली की बांगड्या वाजल्या. जांभळा भाग साच्यात गेला, वर पांढरा, आणि रंजिताने काडीने लाट ओढली. कुठेही गुठळी नव्हती. घाई करावी लागली नाही. ओतून झाल्यावरही साबण अजून मऊ होता, म्हणून तिने एक लाट पुसून पुन्हा काढली.

वड्या वाळल्या तसा रंग थोडा निळ्याकडे झुकला. रंजिताला ते खटकत होतं. रोडपालीला खोके पोचवायला गेली तेव्हा शकूबाईही नवं पातळ नेसून बरोबर निघाली. सुनीताताईंनी खोकं उघडलं.

"मी सांगितला होता त्यापेक्षा जरा वेगळा रंग आहे ना हा?" त्यांनी विचारलं.

"हो ताई. नॅचरल आहे, दर वेळी थोडा फरक पडतो," रंजिता म्हणाली. "मायकाने एकसारखा येतो, पण तुम्हाला ते नको होतं."

अनुया आतून आली. तिने एक वडी नाकाशी धरली, मग आपल्या हातावर ठेवून पाहिली. "आई, हाच छान आहे. जांभळासारखा. पिकलेल्या." तिने शकूबाईकडे पाहिलं. "तुम्हीपण करता का साबण?"

शकूबाईने पदर सारखा केला.

"रंग मी करतंय," ती म्हणाली. "साबन ही करते."

सुनीताताईंनी चहा केला, चिवडा दिला. शकूबाईने आणखी एक कप मागून घेतला आणि साखरपुड्याला कोण कोण येणार, मुलाकडचे कुठले, सगळं विचारून घेतलं. रंजिता बाल्कनीच्या दाराशी बसून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिला उठायची घाई नव्हती.

परतताना रिक्षात शकूबाईने विचारलं, "हिरवा कशाचा करतंस?"

"पालकाचा करून बघितला व्हता. दोन महिन्यांत पिवला परला."

"शेवग्याचा पाला बघ. आपल्या मागं झार हाय. सुकवून ठेवू."

"तो पन उडेल, आई. झाडपाल्याचा हिरवा टिकत नाय."

"उडंल तं उडंल," शकूबाई म्हणाली. "आदी करून तं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजिता मागे आली तेव्हा सासू शेवग्याखाली उभी राहून आकडीने फांदी खाली ओढत होती. रंजिताने सूप आणलं आणि पाला खुडायला बसली.