त्या नावाचं इथं कोणी राहत नाही

मास्तरीणबाईंनी भर चौकात गाडी पुन्हा बंद पाडली आणि तेवढ्यात कोणीतरी माझ्या बाजूची काच वाजवली.

मी गाडी शिकवते. माझ्या गाडीला क्लच दोन, ब्रेक दोन. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. इतक्या वर्षांत पायाला अशी खोड लागलीय की जेवताना टेबलाखालीसुद्धा तो ब्रेक दाबत असतो. घरात मला लहानपणापासून भिंगरी म्हणतात, ते उगाच नाही. आणि मास्तरीणबाई म्हणजे माझ्या विद्यार्थिनी. जन्मभर शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्या आणि आता गाडी शिकायचा हट्ट धरून बसल्यात.

काच खाली केली. बाहेर हातात फाईल घेतलेला माणूस. "कोर्टाचा बेलिफ," म्हणाला, आणि कागदावरचं नाव वाचलं. नाव माझं, आडनाव नवऱ्याचं. म्हणजे पूर्वीच्या नवऱ्याचं. गाडीच्या कागदांवर तेच राहून गेलंय. आज बदलू, उद्या बदलू करत मी ते कधी बदललंच नाही.

"तुमच्यावर एकतर्फी हुकूम झालाय. क्रेडिट कार्डचं जुनं येणं. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर ही गाडी जप्त होईल," तो म्हणाला आणि गाडीभोवती फिरून टायर किती झिजलेत तेसुद्धा लिहून घेतलं.

"अहो, मला समन्स नाही, नोटीस नाही! हुकूम झालाच कसा?"

"ते कोर्टाला विचारा."

मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, आधी गाडी चालू करू की आधी रडायचंय?" मी म्हटलं, चालू करा. रडायला मला वेळ कुठे होता? ही गाडी गेली की माझं दुकान बंद. मी गाडी सोडून दुसरं काही शिकवू शकत नाही, आणि कागदावर गाडी शिकवता येत नाही.

कार्डाचं खरं-खोटं आधीच सांगून टाकते. कार्ड माझ्या नावावर होतं. सोफा मी घेतला, फ्रिज मी घेतला, नाही कशाला म्हणू? बाकीचं नवऱ्यानं उडवलं. घटस्फोट झाला तेव्हा सोफा त्याच्याकडे गेला, फ्रिज त्याच्याकडे गेला आणि कार्ड तेवढं माझ्या वाट्याला आलं. थोडे हप्ते भरले, मग हात टेकले. बँक फोन करून करून थकली. वर्षं उलटली. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

घरी आले ती जोडे न काढताच आत. बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबा पोस्टमन होते. आमच्या भागातली सगळी टपालाची पोरं त्यांच्या हाताखाली शिकलीत. अजूनही नवा कोणी आला की दारात उभा राहून अदबीनं बोलतो, एखादा पत्ता लागेना झाला तर विचारून जातो.

"बाबा, माझ्या नावानं कोर्टाचं काही आलं होतं?"

"आलं होतं." पेपर खाली नाही, मान वर नाही. "दोनदा."

"मग?"

"परत पाठवलं. पाकिटावर लिहिलं, या नावाचं इथं कोणी राहत नाही. त्याचं आडनाव होतं त्याच्यावर. या घरात त्या आडनावाचं कोण राहतं? मी नाही, तू नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! दुसऱ्या कुठल्या घरात कोर्टाचं पाकीट आलं तर लोकांची पाचावर धारण बसते. घेतात, लपवतात, शेजाऱ्याला दाखवतात. आमच्याकडे? आमच्याकडे पोस्टाचा नियम! पत्त्यावर ते नाव नाही, शेरा मारा, परत. आणि दारातला पोस्टमन पण धन्य. बाबा म्हणजे त्याचे काका, आणि काकांनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला म्हटल्यावर तो काय बोलणार?

"अहो बाबा, ते आडनाव माझं होतं की!"

"होतं," बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. बसले की उठायचं, उठले की कुठे जायचंय ते आठवायचं नाही. गल्लीत कुठलीही गाडी थांबली की मी खिडकीत. गाडी रोज वेगळ्या रस्त्यावर लावायला लागले. मग लावली कुठे तेच विसरायला लागले. शिकणाऱ्यांनी वेग घ्यायच्या आत माझा पाय ब्रेकवर. एका मुलीनं शेवटी विचारलंच, "मॅडम, गाडी मी चालवायची की तुम्ही?" त्यात वसुली कंपनीचा फोन. बँकेनं माझ्याकडचं येणं या कंपनीला विकलं होतं म्हणे. फोनवरची बाई एकदम गोड. "आत्ता थोडेसे जरी भरलेत ना मॅडम, तरी आम्ही जप्तीचं लांबवू." मी पर्स उघडलीसुद्धा होती. काय वाटलं कोणास ठाऊक, फोन ठेवला आणि तडक मास्तरीणबाईंच्या भाचीकडे गेले. ती वकील.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "भरले नाहीत ना काही?"

"नाही."

"सही? मेसेज? 'देते' असं काही?"

"नाही हो."

"सुटलात! नाहीतर मढं उठून बसलं असतं." मग समजावलं. असल्या कर्जाचा दावा ठरावीक वर्षांच्या आत लावावा लागतो. माझ्या शेवटच्या हप्त्यानंतर ती वर्षं केव्हाच उलटली होती. दावा मुदतीबाहेरचा. पण आता 'देते' म्हणून लिहून दिलं असतं तर मेलेलं कर्ज पुन्हा जिवंत.

"मग कोर्टानं हुकूम दिलाच कसा?"

"तुम्ही बोलायला नव्हता म्हणून. हजर नसणाऱ्याची बाजू कोर्ट स्वतः मांडत नाही. आधी तो एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायचा, मग कैफियत द्यायची की मुदत संपलीय. पण हुकूम रद्द होण्यासाठी समन्स तुम्हाला मिळालं नाही हे पटवावं लागेल. आणि अडचण तिथेच आहे." वकीलबाईंनी पेन टेबलावर आपटलं. "कंपनी म्हणणार, घरच्या माणसानं ओळखून, समजून परत केलं. घरच्यानं नाकारलं म्हणजे तुम्हीच नाकारलं. वडिलांना साक्षीला आणा. त्यांनी एवढंच सांगायचं, वय झालंय, नजर गेलीय, नाव नीट दिसलं नाही. चुकून परत गेलं."

आता हे बाबांना कोण सांगणार? मीच.

"माझी नजर गेलीय?" बाबा म्हणाले. "समोरच्या गच्चीवरच्या पाटीवरचा फोन नंबर सांगू?" आणि सांगितला. बारीक अक्षरातला, चष्मा नाही, काही नाही.

"दिसतं हो तुम्हाला, मला माहितीये! नुसतं म्हणायचंय, दिसत नाही."

"आणि चुकून गेलं म्हणायचं? माझ्या हातून? अगं, माझ्या हातून कधी कोणाचं चुकून गेलं नाही. सगळ्या गावाला माहितीये."

"गाव माझी गाडी सोडवणार आहे का?" मी ओरडले. मग तोंडाला आवरच राहिला नाही. "जन्मभर दुसऱ्यांची पत्रं जपलीत आणि स्वतःच्या मुलीचं तेवढं परत पाठवलंत! तुमच्या त्या नियमानं मला रस्त्यावर आणलं, बाबा!"

बाबा उठून आपल्या खोलीत गेले आणि दार हळूच लावून घेतलं. त्यांनी ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पुढचे दिवस घरात आम्ही दोघं आणि आवाज फक्त भांड्यांचा. मला माफी मागायची होती आणि मला त्यांच्याकडून ते खोटंही हवं होतं. दोन्ही एका तोंडानं कसं मागायचं?

तारखेच्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आणि डोळ्यांवर चष्मा! जाड काचांचा, एका दांडीला चिकटपट्टी लावलेला.

"हा कुठला?"

"शेजारच्या आजोबांचा. दुपारपर्यंत द्यायचाय परत. त्याशिवाय त्यांना गोळ्या सापडत नाहीत." आणि दाराऐवजी भिंतीकडे निघाले.

मला हसू पण येईना आणि रडू पण. कोर्टाच्या पायऱ्या मी त्यांना हाताला धरून चढवल्या. त्या चष्म्यातून त्यांना खरंच काही दिसत नव्हतं. वकीलबाई खूश. "छान! असंच," म्हणाल्या.

आत गर्दी, गरगरणारे पंखे, एक बाक सारखं करकरणारं. त्या बाकावर मीच होते. आमचा पुकारा झाला. वकीलबाई बोलायचं ते बोलल्या आणि बाबा पिंजऱ्यात उभे राहिले. खरं बोलेन म्हणून शपथ घेतली. आवाज बारीक.

"पाकिटावरचं नाव दिसलं नाही. वय झालं. चुकून परत गेलं," पाठ केल्यासारखं बोलून टाकलं त्यांनी.

कंपनीचा वकील उठला. "नोकरी काय केलीत आजोबा?"

"पोस्टात."

"काय म्हणून?"

"पोस्टमन."

"आणि पत्ते वाचता येत नाहीत." कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी हात वर करून ती थांबवली, फाईलमधलं एक पाकीट काढलं आणि शिपायाकरवी बाबांच्या हातात दिलं. "हे वाचा बरं. घाई नाही."

बाबांनी पाकीट धरलं. ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. माझं पाऊल बाकाखाली जमीन दाबत होतं. बाबांनी माझं नाव चुकीचं वाचलं. मग पत्ता वाचला, आमच्याच घराचा, तोही चुकीचा. पिनकोडावर आले तेव्हा एकेक आकडा अडखळत, शाळेतलं पोर पाढे विसरतं तसा, आणि प्रत्येक आकडा चूक. त्यांचे कान लाल झाले होते. ज्या माणसानं अंधाऱ्या जिन्यांत, भर पावसात, फाटक्या कागदावरचे पत्ते ओळखले, तो माझ्यासाठी भर कोर्टात आंधळा होत होता आणि लोक हसू दाबत होते.

मला ते बघवलं नाही. झालं ते एवढंच. मी उभी राहिले.

"साहेब, त्यांना दिसतं. सगळं दिसतं. चष्मा शेजाऱ्यांचा आहे."

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. मी म्हटलं, "समन्स मला मिळालं नाही हे खरं आहे. पण यांना वाचता येत नाही हे खोटं आहे, आणि ते मीच बोलायला लावलं. गाडी न्यायची तर न्या."

न्यायाधीश बाबांकडे वळले. "आजोबा, चष्मा काढा. पुन्हा असलं कराल तर मी सोडणार नाही. आता सांगा. ओळखलं होतंत पाकीट?"

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "हो. हातात घेताक्षणी. कोर्टाचं पाकीट न उघडता कळतं."

"मग मुलीला का दिलं नाहीत?"

"नियम म्हणून परत केलं असं मी तिला सांगितलं." बाबांनी पाकीट शिपायाला परत दिलं. "ते निमित्त होतं साहेब. त्या आडनावानं तिला बरं काही कधी आलंच नाही. सगळ्या गावाला मी वाईट बातम्या पोचवल्या. मरणाच्या तारा दिल्यात, नोकरी गेल्याच्या दिल्यात. एक चुकवली नाही. ही माझ्याच दारात आली आणि माझा हात पुढे झाला नाही. तिला ठाऊक नव्हतं. शिक्षा करायची तर मला करा."

मी त्या करकरणाऱ्या बाकावर बसले आणि मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग वाचून दाखवलं. समन्स मुलीपर्यंत पोचलं नाही हे कोर्टाला पटलं. एकतर्फी हुकूम रद्द, जप्ती थांबवली. आजच्या खोट्याबद्दल कंपनीचा खर्च मी भरायचा, आणि पुढच्या तारखेला कैफियत द्यायची. कंपनीचा वकील काहीतरी पुटपुटला. वकीलबाई माझ्या कानात म्हणाल्या, "खर्चाचे पैसे कोर्टात भरायचे. कंपनीच्या हातात एक दमडी नाही. आणि आता तरी तोंड बंद ठेवा."

बाहेर आलो. पायऱ्या बाबा तुरुतुरु उतरले, मीच मागे राहिले. गाडीपाशी पोचून दार उघडलं तरी ते आत बसेनात. रागानं लाल झाले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होते.

"बाबा, माझं चुकलं. त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते सोड!" बाबा माझ्यावर खेकसले. "रात्रभर आरशासमोर पाठ करत होतो मी. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला उभा राहिलो, तुझ्यासाठी, आणि तू तेसुद्धा मला धड बोलू दिलं नाहीस!"