मामाचा रेडिओ आणि बारा मीटर

गॅरेजच्या फरशीवर जुन्या चादरीवर मांडलेलं सामान मी मोजलं: दोन डिस्क, दोन कॅलिपर, चार पॅड, दोन रबरी नळ्या, एक मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या. भिंतीला टेकून तीन फुटक्या कुंड्याही होत्या. त्या आईने मामाच्या डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून आणून ठेवल्या होत्या.

कुंड्या पिकअपने फोडल्या होत्या. गाडी आजोबांची, आता आई आणि मामा दोघांच्या नावावर. पुढच्या चाकांना अजून ड्रम ब्रेक, त्यामुळे पेडल दाबल्यावर ती मनात येईल तेव्हा थांबायची. ताशी चाळीसवरून सोळा मीटर ऐंशी सेंटिमीटर, असं मी मोजलं होतं.

आईने निकाल दिला होता. "डिस्क बसव नाहीतर पंख बसव. बारा मीटरच्या आत थांबली तर राहील, नाहीतर रविवारी भंगारवाला येतोय. आणि बाराव्या मीटरवर तुझा रेडिओ ठेवणार. माझ्या कुंड्या झाल्या, आता तुझी पाळी."

"ताई, रेडिओने तुझं काय वाकडं केलंय?"

"कुंड्यांनी तुझं काय केलं होतं?"

शनिवारी दुपारपर्यंत सगळं बसलं. उरली फक्त ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. त्यासाठी पेडल दाबायला कोणीतरी हवं होतं. "उभी आहे तोवर बसते," म्हणत आई आत चढली. ती पेडल दाबून धरायची, मामा चाकावरच्या कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचा, मी पारदर्शक नळीत बुडबुडे बघायची. थोड्या वेळाने नुसतं स्वच्छ तेल येऊ लागलं.

"झालं," मामा म्हणाला.

"कसलं झालं?" आई वरून म्हणाली. "उशीवर पाय ठेवल्यासारखं वाटतंय."

दुसरी बाटली संपली. तिसरी अर्धी झाली. उशी तशीच. मामा एकदा चाकाकडे आणि एकदा रेडिओकडे बघत होता.

मी बाटली तिरकी करून उरलेलं तेल बघत होते. आतला बुडबुडा शांतपणे वरच्या टोकाला गेला. मी चाकापाशी वाकले. निपल कॅलिपरच्या खालच्या बाजूला होता.

"मामा, हा खाली का?"

"मुद्दाम. उजवा कॅलिपर डावीकडे लावला, डावा उजवीकडे. ड्रमचा निपल मागे लपलेला असायचा, हात मोडायचा. हा कसा हाताशी येतो. तूच म्हणालीस, झकास."

खरंच म्हणाले होते. "अरे, पण हवा वर जाते. ती वर अडकून बसलीय, आपण खालून तेल सोडतोय."

मामाने वाकून निपलकडे बघितलं. मग म्हणाला, "हे तुला कॉलेजात शिकवलं?"

"पाचवीत."

"दोघांनाही," आई म्हणाली.

कॅलिपर अदलाबदल केले. निपल वर आले, आणि पहिल्याच दाबाला बुडबुड्यांची माळ निघाली. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

रविवारी सकाळी गोदामामागच्या मोकळ्या रस्त्यावर मी खडूने रेघ मारली, टेपने बारा मीटर मोजले आणि तिथे रेडिओ ठेवला. मामा किल्ली घेऊन निघाला, तर आईने ती काढून घेतली.

"तू रेडिओ वाचवायला रेघेच्या आधीच ब्रेक मारशील. मी चालवते."

"ताई, बाराव्या मीटरला..."

"माहीत आहे."

ती ताशी चाळीसने आली आणि रेघेवर ब्रेक दाबला. मामाने डोळे मिटले होते. मी टेप लावला.

बंपर ते रेडिओ: एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर.